शिरोलीची फौंड्री ते सहारा: एका गड्याच्या तयारीचं प्रकरण

आमचा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, वय ४३, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सुपरवायझर. त्यानं मॅराथॉन दे साब्लची एन्ट्री भरली. भरली म्हणजे घरात कुणाला न विचारता भरली आणि वहिनींना सांगायची वेळ आली तेव्हा मला सोबत घेऊन गेला. तीन हजार युरोच्या पुढं फी, विमान वेगळं, सामान वेगळं. वहिनी जास्त काही बोलल्या नाहीत, "एवढ्यात घराला रंग झाला असता की" एवढंच. मी फिजिओ, त्यामुळं तयारीची वही आपसूक माझ्याकडं आली, आणि आता बरेच जण काय केलं कसं केलं विचारायला लागलेत म्हणून सगळं प्रकरण एकदाच लिहून टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोरोक्कोच्या दक्षिणेला सहारात होणारी ही रेस, १९८६ पासून चालू आहे, पॅट्रिक बॉएर नावाच्या फ्रेंच माणसानं काढली, तो स्वतः १९८४ ला वाळवंटात एकटा चालत गेला होता त्यातनं ही कल्पना निघाली. साधारण २५० किलोमीटर, आठवड्याभरात टप्प्याटप्प्यानं, त्यात एक लाँग स्टेज ८० च्या वर. पाणी आणि तंबू आयोजकांचा, बाकी सगळं तुमच्या पाठीवर: आठवड्याचं जेवण, स्लीपिंग बॅग, औषधं, सगळं. सॅकचं वजन पाणी सोडून कमीत कमी साडेसहा किलो आणि जास्तीत जास्त १५, जेवण दिवसाला निदान २,००० कॅलरी पाहिजेच, आणि रेसच्या आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि ईसीजी दाखवल्याशिवाय उभं करत नाहीत. सगळ्यात मागनं दोन उंट चालत येतात, ते तुमच्या पुढं गेले की विषय संपला.

दादाची सुरुवातीची अवस्था अशी. पळणारा गडी, पहाटे युनिव्हर्सिटीत नाहीतर रंकाळ्याला, आठवड्याला ६० किलोमीटर आरामात, फुल मॅरेथॉन सव्वाचार तासाच्या आत. वजन ७४. ईसीजी नॉर्मल, वय बघून मी स्ट्रेस टेस्टपण करायला लावली, तीपण नॉर्मल. त्यामुळं त्याच्या डोक्यात तयारी म्हणजे किलोमीटर वाढवायचे, ६० चे ८०, ८० चे १००, झालं. सॅक घेऊन तो आयुष्यात कधी पळाला नव्हता. सेफ्टी शूज घालून वर्षानुवर्षं शॉप फ्लोअरवर उभा, त्यामुळं टाचेला आणि अंगठ्याखाली ही जाड कातडी. त्याला वाटायचं हे भारी आहे, पाय तयार आहेत आपले.

म्हणून पहिल्याच रविवारी मी त्याला सहा किलो भरलेली सॅक देऊन जोतिबाला चालवला. पळायचं नाही, फक्त चालायचं. वजन म्हणून त्यानं फौंड्रीतली मोल्डिंगची वाळू पिशवीत भरून आणलेली, ती गळली, आणि सिलिकाची ती बारीक धूळ नाकातोंडात घ्यायची वस्तू नव्हे, म्हणून पुढं सगळं ट्रेनिंग आजऱ्याच्या घनसाळ तांदळावर केलं. तांदळाचं बरं असतं, नंतर शिजवता येतो. तर जोतिबाचा डोंगर चढून वर गेला तेव्हा कपाळाला गुलाल लावून घेतला, खाली येऊन टी-शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांच्या हाडावर बोटभर रुंद लाल पट्टे, कातडं सोललेलं, आणि घामाबरोबर ओघळलेला गुलाल त्या सोललेल्यात गेलेला, असा चुरचुरला की गडी पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसला. कमरेला बकलच्या जागी तसंच. आणि चालतानाचे हृदयाचे ठोके त्याच्या नेहमीच्या पळण्याएवढे.

त्या दिवशी वहीत मी तयारीचा क्रम लिहिला तो शेवटपर्यंत बदलला नाही: आधी सॅक, मग पाय, मग ऊन, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी. दादाला हे पटायला गणपती यावे लागले. त्याचं म्हणणं, रेस पळायची हाय की ओझी वाहायची? माझं म्हणणं, तुझ्यासारखा गडी तिथं निम्म्याच्या वर रस्ता चालतच जाणार आहे आणि पाठीवर दोन पायलीचं ओझं असणार आहे, त्यामुळं झपझप चालायला शीक. पुढं त्याचं आठवड्याचं पळणं ७० च्या वर आम्ही फारसं नेलंच नाही. त्याऐवजी शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस लांबचं, पहिल्या दिवशी थकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच थकलेल्या पायावर सॅक घेऊन परत निघायचं. व्यायामाला जिम लावली नाही, गल्लीतल्या तालमीत जोर आणि बैठका. वस्तादांनी पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हणाले, "ह्या वयात कुस्ती धरायची हाय व्हय?" पण बैठकांनी मांड्या अशा झाल्या की डोंगर उतरताना गुडघ्याची तक्रार पूर्ण बंद.

एन्ट्री जूनमध्ये आणि रेस एप्रिलमध्ये, हे आपल्याला लई सोयीचं पडलं. पावसाळ्यात वाळवंटाची तयारी कशी करणार असं सगळे हसायचे, पण जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला सॅक घेऊन घातला त्याला. बाजीप्रभूंची वाट, दिवसभर चिखल, ओढे, बूट सकाळपासनं ओले. ओल्या कातडीला फोड लवकर येतात कारण भिजलेली कातडी मऊ पडते आणि आतल्या थरावरनं सरकते, वाळवंटात तेच काम घाम आणि बुटात शिरलेली वाळू करते. आणि तिथं एक गोष्ट सापडली. दादाच्या त्या जाड कातडीच्या खाली फोड आला. वरची कातडी एवढी राठ की पाणी बाहेर काढायला सुई आत जाईना, आणि पाणी आत राहिल्यामुळं पाय टेकवला की कळ. आल्यावर पहिलं काम, रोज रात्री पाय कोमट पाण्यात आणि खरड दगडानं ती कातडी हळूहळू पातळ करायची, एकदम नाही, महिनाभर. त्याला हे लई बायकी काम वाटायचं, दार लावून करायचा.

पायाचं बाकीचं असं ठरलं. फोड आल्यावर पट्टी लावण्याऐवजी जिथं येतो तिथं सकाळी निघायच्या आधीच टेप, बोटांना एकेक करून, खाली टिंक्चर बेन्झॉइन लावून म्हणजे टेप घामानं सुटत नाही. फोड आलाच तर निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढायचं, वरची कातडी काढायची नाही, तीच नैसर्गिक पट्टी, मग अँटिसेप्टिक आणि वर टेप. बूट एक नंबर मोठे, कारण उन्हात रोज तासन्‌तास चालून पाय सुजतात.

बुटावर गेटर पाहिजे, म्हणजे बुटाच्या कडेपासून नडगीपर्यंत पातळ कापडाचा मोजा, वाळू आत जाऊ नये म्हणून, तो बुटाला वेल्क्रोनं चिकटतो. वेल्क्रो नुसता सोल्युशननं चिकटवला तर तापलेल्या वाळूत गोंद सुटतो, शिवायलाच पाहिजे. चपला लाईनला फिरलो तर दोघातिघांनी नवे बूट बघून हात लावायला नकार दिला, शेवटी सुभाषनगरातल्या एका कारागिरानं हातात घेतले. कोल्हापुरीला पट्टा शिवणारा माणूस, त्यानं आरी आणि मेणाचा दोरा घेऊन बुटाच्या वरच्या बाजूच्या कडेनं, सोलला भोक न पाडता, असा टाका मारला की आत बोट फिरवलं तरी गाठ लागत नव्हती. आत गाठ राहिली तर तिथंच फोड, हे त्याला आम्ही सांगायच्या आधी त्यानंच आम्हाला सांगितलं. गेटर शेजारच्या शिंप्यानं पॅराशूटच्या कापडाचे शिवले. बाहेरनं मागवले असते तर बरेच महाग पडले असते, आणि एवढे चांगले असते का शंका आहे.

पावसाळ्याचा दुसरा उपयोग पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर झाला. लोकांना वाटतं सहारा म्हणजे सगळी टेकड्या-टेकड्यांची वाळू, तसं नाही, दगडगोट्यांची पठारं, सुकलेले तलाव, खडकाळ डोंगर यांचाच वाटा मोठा, मऊ वाळू त्यामानानं कमी. मसाईचा सडा, म्हणजे वरचा उघडा कातळ, पायाखाली तसाच टणक. आणि ऑगस्टमध्ये तिथं धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, वाळूच्या वादळाची एवढी स्वस्त प्रॅक्टिस आणखी कुठं मिळणार. रेसला होकायंत्र सक्तीचं आहे आणि नकाशाच्या पुस्तिकेत दिशेचे अंश दिलेले असतात. दादाला वाटायचं पुढच्याच्या मागं जायचं, होकायंत्राची काय गरज. त्याला १९९४ ची गोष्ट सांगितली. माउरो प्रॉस्पेरी, इटलीचा, पोलिसातला माणूस, पेंटॅथलॉनचा खेळाडू, वादळात थांबायच्या ऐवजी चालत राहिला, वाट चुकला तो नऊ दिवसांनंतर थेट अल्जेरियात सापडला, वटवाघळांचं रक्त पिऊन जगला. त्यानंतर दादा गुमान शिकला: अंश धरायचा, त्या रेषेत एक दगड हेरायचा, दगडापर्यंत जायचं, तिथनं पुढचा दगड. आणि काहीच दिसेना झालं की खाली बसायचं, तोंडाला कापड, वादळ जाईपर्यंत हलायचं नाही.

दिवाळीत जेवणाचं काम काढलं, कारण घरात तशीही कढई चढलेली. हिशोब सोपा आहे पण करत कुणी नाही. तुपा-तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, साखर-पीठ-डाळीला चार. दिवसाला २,००० हा नियम झाला, पोटाला तेवढं पुरत नाही, आम्ही अडीच हजार धरले, म्हणजे सात दिवसांचे साडेसतरा हजार. ग्रॅमला चार कॅलरीचं जेवण घेतलं तर जवळजवळ ४.४ किलो, पाचचं घेतलं तर साडेतीन. हा पाऊण-एक किलोचा फरक खांद्यावर कळतो. मग मामी आणि वहिनी दोघी बसल्या: शेंगदाणे, गूळ, तूप, सुकं खोबरं यांचे लाडू, शंभर ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी. खारे शेंगदाणे. पातळ पोह्यांचा चिवडा, पण मिक्सरला भरड करून, कारण चिवडा म्हणजे निम्मी हवा. दादाचा जीव भडंगात अडकलेला, जयसिंगपुरी भडंगाशिवाय मी जाणार न्हाई म्हणून अडून बसला, शेवटी एका दिवसाच्या भडंगानं सॅकचा केवढा भाग खाल्ला ते भरून दाखवलं तेव्हा गप्प बसला. रात्रीसाठी पातळ पोहे, मेतकूट, दूध पावडर, सगळं गार पाण्यात भिजणारं. स्टोव्ह घेतलाच नाही, त्याच्या इंधनाच्या वड्या विमानात चालत नाहीत, आणि भांडं-स्टोव्ह-वड्या मिळून अर्धा किलो वजन कशाला. प्रत्येक दिवसाचं वेगळं पाकीट, त्यावर कॅलरीची चिठ्ठी, कारण चेकिंगला विचारतात. सगळ्या पाकिटांचं पुढं जानेवारीत दोन दिवसांच्या लांबच्या चालीला ट्रायल घेतलं, घरी बसून चव बघण्याला अर्थ नाही, सहा तास उन्हात चालल्यावर तोंडात जातंय का ते बघायचं.

वाळूसाठी गगनबावड्यानं खाली उतरून मालवणकडं, तळाशील-तोंडवळीच्या किनाऱ्याला. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू घ्यायची, ओल्या घट्ट वाळूवर सगळेच पळतात. तिथं कळलं की लांब ढांग टाकली की टाच रुतते आणि पोटऱ्या भरून येतात, त्यामुळं आखूड पावलं, पाय सपाट, आणि दोन काठ्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचेमागची शीर दुखायला लागली म्हणून महिनाभर वाळू बंदच ठेवली, वाळूचा डोस थोडाच असावा या मताचा मी आहे. आणि कोकणातलं ऊन सहाराच्या कामाचं नाही. तिथं घाम अंगावरनं ओघळतो, वाळत नाही. वाळवंटात हवा एवढी कोरडी की घाम दिसायच्या आधी उडून जातो, टी-शर्टवर नुसता मिठाचा पांढरा नकाशा राहतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही.

कोरड्या उन्हासाठी मग शिरोलीच कामाला आली. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, रोज तासाभराचं काम अंग तापेपर्यंत. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातनं मीठ कमी जातं, त्याच कामाला ठोके कमी पडतात. पण सवय सोडली की आठवड्या-दोन आठवड्यात उतरायला लागते, म्हणून हे सगळं आम्ही मुद्दाम शेवटी, मार्चच्या मध्यापासून ठेवलं. फौंड्रीत ओतकाम झाल्यावर गरम कास्टिंग गार व्हायला एका पत्र्याच्या शेडमध्ये लावतात, धूळ नसलेली जागा, दुपारी तीनला तिथला थर्मामीटर ४५. मालकांना विचारून दादानं तिथं लाकडी खोका टाकला आणि सॅक पाठीवर घेऊन वर-खाली, पाऊण तास. कुणीतरी एक जण कायम जवळ पाहिजे ही माझी अट. फरनेसवरची पोरं डबा खात बघायची. एक जण म्हणाला, "साहेब, आम्ही तर रोजच अल्ट्रा मारतोय की." खरंच आहे ते. सगळ्या शॉपमध्ये उन्हाला तयार झालेले तेच, लिंबू-मीठ-गूळ घातलेलं पाणी घोटघोट पिणारे, एकदम तांब्या रिकामा न करणारे.

पहिल्या दिवशी त्या पाऊण तासात दादाचं वजन ९०० ग्रॅमनं उतरलं, मधे ३०० मिली पाणी प्यायलेला, म्हणजे घाम सव्वा लिटरच्या आसपास. ठोके १५८. दहाव्या दिवशी तेवढ्याच कामाला १४१. हे वजन आधी-नंतर बघायचं काम फुकटातलं आहे आणि त्यावरनं माणसानं किती प्यायचं ते ठरतं, नाहीतर घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, बोटं सुजतात, आणि माणूस त्याला डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पितो. जीव जाऊ शकतो त्यात. म्हणून तहान लागेल तसं पाणी, सोबत मिठाच्या गोळ्या नाहीतर खारं खाणं. वेदनाशामक गोळ्यांवर मात्र मी सरळ बंदी घातली, आयबुप्रोफेन वगैरे, एवढ्या उन्हात आणि एवढ्या श्रमात त्या किडनीला मारतात. लघवी कोकच्या रंगाची झाली तर त्या क्षणी डॉक्टरच्या तंबूत, आणि कुणी बडबडायला लागला, तोल गेला, तर आधी गार करायचा आणि मग हलवायचा, हे त्याच्याकडनं पाठ करून घेतलं.

निघायच्या आठवड्यात सॅक काट्यावर ठेवली, पाणी सोडून ८.१ किलो. टूथब्रशचा दांडा कापलेला, कपड्यांची लेबलं उसवलेली, स्लीपिंग बॅग ७०० ग्रॅमची. मामींनी गुपचूप आत सारलेली लोणच्याची बरणी बाहेर काढली, त्यावरनं थोडं वाजलं.

रेसचं थोडक्यातच सांगतो. दादानं पूर्ण केली, नंबर मागच्या निम्म्यात, लाँग स्टेज रात्रभर चालून काढली, उंट एकदाही दिसले नाहीत. खांद्यावर एक ओरखडा नाही. पायाची दोन नखं गेली, फोड तीन, सगळे टेप न लावलेल्या जागी. शिवलेला वेल्क्रो शेवटपर्यंत टिकला, त्याच्याच तंबूतल्या एकाचा चिकटवलेला दुसऱ्या दिवशी उचकटला आणि त्या माणसाचे पाय बघवत नव्हते म्हणे. रात्री मात्र थंडी जास्त लागली, स्लीपिंग बॅग पातळ पडली, असतील नसतील ते सगळे कपडे घालून झोपायचा. आणि लाडू. ट्रायलला दोन दिवस उत्तम गेलेले लाडू तिसऱ्या दिवसापासून घशाखाली उतरेनात, गोड बघितलं की मळमळ. भरडलेला चिवडा आणि खाऱ्या शेंगदाण्यांवर निम्मी रेस काढली, लाडू तंबूतल्या बाकीच्यांनी संपवले आणि वर रेसिपी मागितली.

आता गडहिंग्लजच्या एका गड्याची एन्ट्री झाली आहे, वही त्याच्याकडं दिली. त्यात केलेले बदल: लाडू निम्मे, त्या जागी तिखट-खारं, कॅलरी भरून काढायला चिवड्यात खोबरं जास्त. जेवणाची ट्रायल दोनऐवजी चार दिवसांची सलग. स्लीपिंग बॅग २०० ग्रॅम जड चालेल पण उबदार. करंगळी आणि टाचेच्या बाहेरच्या कडेलापण टेप. लोणचं छोट्या पाकिटातलं, दिवसाला एक, हे मामींच्या आग्रहानं पण माझ्या सहीनं.